उरलेली शिवण

लोकांचे कपडे शिवून धाकट्या भावाला लहानाचा मोठा करणारी ताई रहस्यकथांच्या संमेलनात पहिल्या रांगेत ऐटीत बसली होती. व्यासपीठावर तोच भाऊ होता. आता नावाजलेला लेखक, पण अंगात कोट अजून ताईनेच शिवलेला.

"नव्या कादंबरीत खुनाचा सुगावा कशावरून लागतो?" मुलाखतकाराने विचारलं.

"आवाजावरून," भाऊ म्हणाला. "दारुडा नवरा जिन्यावरून गडगडत खाली जातो. मग सगळं चिडीचूप. आणि मग वरच्या खोलीत शिलाई मशीन सुरू होतं. बायको उरलेली शिवण पुरी करते, दोरा तोडते आणि मगच किंकाळी फोडते."

ताईने चमकून भावाकडे पाहिलं. त्या दुपारी हा मेला तापाने फणफणून शेजारच्या खोलीत पडला होता. नवऱ्याला ढकलण्याआधी तिने दार किलकिलं करून हा झोपलाय याची खात्री करून घेतली होती. एवढी वर्षं हूं की चूं केलं नाही आणि आज भरल्या सभागृहात टाके उसवायला बसला.

मागून एका बाईंनी विचारलं, "मग ती पकडली जाते का हो?"

भावाने कोटाचं बटण चाचपलं. ताईकडे मात्र पाहिलं नाही.

"मशीन ऐकणारा एकच होता," तो म्हणाला. "पोलिसांनी त्याला विचारलं. त्याने सांगितलं, मी गाढ झोपलो होतो."