सापडत नाही

खुर्चीत बसण्याआधी तो मान वाकडी करून आमच्या पंख्याचा आवाज ऐकायचा. मग निदान ठरलेलं, "म्याडम, बेअरिंग गेलं याचं." हातात पाना दिला असता तर त्यानं आमचं अख्खं एआरटी केंद्र खोलून ठेवलं असतं.

महागावकडच्या एका खेड्यात तो शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला मात्र दर महिन्याला यवतमाळला आमच्या केंद्रात यायचा. जवळचं केंद्र त्यानं मुद्दाम टाळलं होतं, कारण तिथं रांगेतले निम्मे लोक त्याची गिऱ्हाइकं निघाले असते. घरी सांगायचा, तांब्याची तार आणायला जातो. आणि तार खरोखरच घेऊन जायचा.

मी तिथली समुपदेशक. "बायकोला तपासणीला आणा," असं त्याला किती वेळा म्हटलं असेल! उत्तर एकच, "आनतो ना म्याडम, सीझन सरू द्या." ज्यांचा सीझन कधीच सरत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी चिडायचे, तो हसायचा. गोळी मात्र एकही चुकवायचा नाही.

एकदा त्याच्या रक्ताचा रिपोर्ट फार चांगला आला. बाहेर रांग दारापर्यंत आलेली. आनंदाच्या भरात मी बोलून गेले, "तुमच्या रक्तात आता विषाणू सापडतच नाही!"

"सापडत नाई?" त्याचे डोळे भरून आले. "म्हंजे नाईच ना मंग!"

"गोळ्या सोडायच्या नाहीत हं," हेही मी म्हणाले. पण ते त्याच्या कानात शिरलंच नाही, आणि मी पुढच्या माणसाला हाक मारली होती. गोळ्यांनी विषाणू दबतो, जात नाही, हे नीट समजावायला पाच मिनिटं लागली असती. ती मी त्याला दिली नाहीत.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. मी फोन केला.

"मोटार मस्त चालून राह्यली म्याडम. चालत्या मोटारीले कायले खोलाचं?"

मी समजावलं, ओरडले, शेवटी अक्षरशः विनवण्या केल्या. "येतो ना, सीझन सरू द्या," म्हणाला. मग फोन लागेनासा झाला. आमचा माणूस शोधायला गेला, तर कार्डावरचा पत्ता खोटा निघाला. मला जेवण गोड लागेना.

पुढच्या वर्षी एका दुपारी एक बाई दारात उभी राहिली. तारेच्या पेटीत मिळालेलं त्याचं कार्ड तिच्या हातात होतं.

"हे कायचं कार्ड हाय? माहे मालक गेले. महिना झाला. मले म्हनत, मी पुरा दुरुस्त झालो, यवतमाळच्या म्याडमनंच सांगतलं. तुमीच हाय काय थ्या म्याडम?"

"हो," मी म्हणाले. दार लावून तिला बसवलं. तिच्या नवऱ्याला काय झालं होतं ते सांगायचं होतं, आणि मी काय अर्धवट बोलले होते तेही.

तोंड उघडणार, तोच तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाशी धरून ती कितीतरी वेळ खोकत राहिली.