सखोल चर्चेअंती

निवृत्तिवेतन निधीच्या कचेरीत त्यांना सगळे सखोलराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी गुंतवणूक समितीच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली, आणि 'सखोल चर्चेअंती' हे शब्द नाहीत असं एकही इतिवृत्त त्यांच्या हातून गेलं नाही. मला दोनच गोष्टी येतात, असं ते स्वतःच सांगत, शुद्धलेखन आणि होला हो. नोकरी हुशारीवर मिळाली असाही दावा त्यांनी कधी केला नाही. त्यांचा मामा एका जुन्या अध्यक्षांची गाडी चालवायचा. एकदा पंक्चर झालेलं चाक बदलता बदलता त्याने भाच्याचा विषय काढला आणि महिन्याभरात भाचा चिकटला. त्यामुळे वशिल्याच्या लोकांना नावं ठेवायची वेळ आली, की सखोलराव आधी स्वतःकडे बोट दाखवत आणि मग गप्प बसत. गप्प बसायला ते कारण फार सोयीचं होतं.

सध्याचे अध्यक्ष मंत्र्यांचे व्याही होते. गुंतवणुकीचा त्यांचा अनुभव म्हणजे मुलगी मंत्र्यांच्या घरात दिली होती, एवढाच. ती गुंतवणूक मात्र उत्तम निघाली, हे सखोलरावही मान्य करत. उरलेले चार सदस्य अध्यक्षांच्या ओळखीचे, आणि ती ओळख हीच त्यांची पात्रता.

या मंडळींना वेळ नसे. म्हणून बैठक गुरुवारी असली, तरी इतिवृत्त बुधवारीच टाइप होऊन तयार असे. गुरुवारी चहा येईपर्यंत सह्या होत आणि चहा संपेपर्यंत बैठक. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नसे, सखोलरावांना तर नाहीच. पण नुसतं 'मंजूर' लिहायचं त्यांच्या जिवावर येई. कागद कसा भरीव दिसला पाहिजे. मग ते सदस्यांच्या तोंडी प्रश्न घालत, त्यांची उत्तरं कार्यालयाच्या तोंडी घालत, आणि चर्चा चांगली रंगली की शेवटी तिला सखोल म्हणत. प्रश्न त्यांना भराभर सुचत, कारण आलेला प्रस्ताव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे त्या इमारतीत ते एकटेच होते.

मंत्र्यांच्या मेहुण्याच्या डोंगरावरच्या हॉटेलात निधीचे पैसे घालायचा प्रस्ताव आला, त्या बुधवारी तर त्यांना एकदम नऊ प्रश्न सुचले. हॉटेलपर्यंत रस्ता आहे काय? मेहुण्यांनी आधीची कर्जं फेडली आहेत काय? हॉटेल चाललं नाही, तर निधीचं नुकसान कोण भरून देणार? प्रत्येक प्रश्नाखाली त्यांनी उत्तर घातलं. 'रस्ता प्रस्तावित असल्याचे कार्यालयाने सांगितले.' 'कार्यालयाने समाधानकारक खुलासा केला.' लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. आपण फुकट या कचेरीत कुजलो, आपण वकीलच व्हायचं होतं, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी पाचही जणांनी न वाचता सह्या केल्या.

रस्ता झाला नाही. हॉटेलचे खांब उभे राहिले आणि उभेच राहिले. असल्याच आणखी तीन-चार ओळखीच्या कारखान्यांत निधी बुडाला, आणि दोन वर्षांनी निवृत्तांचं वेतन निम्म्यावर आलं.

त्या निवृत्तांत सखोलरावांची थोरली बहीण होती. आईच्या मागे त्यांना तिनेच वाढवलं. सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात तेहतीस वर्षं ओल्या चादरी उचलून तिचे गुडघे गेले होते. ऑपरेशनची तारीख ठरली होती, ती तिने स्वतः फोन करून रद्द केली. तक्रार केली नाही. जिना मात्र ती बसून उतरायला लागली, एकेक पायरी, दोन्ही हात टेकून.

मग ओरड झाली आणि चौकशी बसली. सदस्यांना आधी बोलावलं. पाचही जण एकच कागद घेऊन गेले, सखोलरावांचं इतिवृत्त. हे बघा, रस्त्याचं मी विचारलं होतं. कर्जाचं मी विचारलं होतं. अध्यक्षांच्या वाट्याला तर तीन प्रश्न होते. आम्ही परोपरीने विचारलं, कार्यालयानेच आमची दिशाभूल केली, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले.

संध्याकाळी अध्यक्षांनी सखोलरावांना केबिनमध्ये बोलावून चक्क बसायला सांगितलं.

"तुमच्यामुळे वाचलो बघा. उद्या तुमची साक्ष आहे ना? कागदावर आहे तेच सांगा. निवृत्तीला किती राहिलं?"

"सात महिने, साहेब."

"मग काय, सुखाने जा. कार्यालयाची चूक म्हणजे काही एका माणसाची नसते. तुम्हाला कोणी हात लावणार नाही, मी बघतो."

सखोलराव घरी आले ते डोकं धरूनच. आयुष्यात एकच काम मन लावून केलं आणि त्याचा उपयोग नेमका कोणाला झाला, हे एव्हाना त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी पाठीवरून हात फिरवेल अशी त्यांची अपेक्षा होती. ताईने चष्मा मागितला आणि इतिवृत्त सावकाश वाचलं.

"हे सगळं तू लिहिलंस?"

"हो."

"एकट्याने?"

"एकट्यानेच," सखोलराव म्हणाले, आणि अशा वेळीही त्यांना किंचित बरं वाटलं.

"रस्ता नाही, हे तुला माहीत होतं."

"प्रस्तावाला नकाशा जोडला होता. त्यात नव्हता."

"मग एकदा तोंडाने विचारायचं होतंस. तिथेच बसला होतास ना?"

"माझं काम लिहायचं, ताई."

ताईने कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि ती वळून झोपली. सखोलरावांना लाज वाटली. स्वतःवर एखादा विनोद करून ती लाज घालवायची त्यांची जुनी सवय होती, पण त्या दिवशी काही सुचलं नाही.

चौकशी करणाऱ्या बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी इतिवृत्त पुढे सरकवलं.

"हे नऊ प्रश्न फार चांगले आहेत. कोणी विचारले?"

"कोणीच नाही," सखोलराव म्हणाले. "बैठक गुरुवारी झाली. प्रश्न मी बुधवारी लिहिले. माझ्या कॉम्प्युटरवर तारीख सापडेल."

टंकलेखकाचे हात थांबले. बाईंनी त्याला लिहायची खूण केली.

"याचा परिणाम काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

"नोकरी जाईल. निवृत्तिवेतनही जाईल. तसं त्या निधीत फारसं उरलेलंच नाही, बाई."

बाई हसल्या नाहीत. "प्रत्यक्ष बैठकीत कोणी काहीच विचारलं नाही?"

सखोलरावांनी आठवून पाहिलं. खोटं लिहायची इतकी सवय झाली होती, की खरं आठवायला वेळ लागला.

"अध्यक्षांनी विचारलं, एसी जरा कमी करता येईल का."

"मग?"

"मी उठून कमी केला."

जबाबाची प्रत घेऊन ते घरी आले, तेव्हा ताई जिन्यात होती. अर्ध्यावर दमून एका पायरीवर बसली होती. सखोलरावांनी प्रत तिच्या हातात दिली. उद्यापासून नोकरी नाही, ऑपरेशनचंही आता कठीणच आहे, हे सगळं ते तिला सांगणार होते, पण आधी तिने वाचावं असं त्यांना वाटलं. ती वाचत असताना ते परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे होते. कधी नव्हे ते खरं बोलून आलो होतो, निदान शाबास तरी म्हणेल.

ताई शेवटच्या, एसीच्या ओळीवर थांबली. ती ओळ तिने परत वाचली आणि चष्मा काढला.

"म्हणजे उठून उभा राहिला होतास तू," ती म्हणाली.

"हो," सखोलराव म्हणाले, आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले.