बरोबरीची सही

बाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं पुस्तकांच्या छापील पानांचे फर्मे शिवून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. क्लबात तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. बुद्धिबळाच्या संघात बाईंचा चौथा पट, म्हणजे शेवटचा. आज त्याच पटावरचा डाव तेवढा संपायचा उरला होता, आणि सभागृहातल्या सगळ्यांना बाई एव्हाना नकोशा झाल्या होत्या.

क्लबला ढाल मिळायला अर्धा गुण पुरे होता. सहा वाजले, वेळ संपली. अर्धवट डावाचा निकाल पंचांनी द्यायचा, अशी पद्धत. पंच आले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेण्याची तसदी न घेता म्हणाले, "उलटे उंट. बरोबरी. करा सह्या."

उलटे उंट म्हणजे एकाचा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा, दुसऱ्याचा काळ्या. जन्मभर एका पटावर राहून एकमेकांचं तोंड न बघणारे. असे डाव बहुधा बरोबरीत सुटतात, हे खरं. पण या क्लबात त्यातलं 'बहुधा' कधीच गळून पडलं होतं. उलटे उंट दिसले की लोक पट न बघता चहाला उठत. डोक्याला तेवढाच आराम.

बाईंनी पेन उचललं नाही.

"वहिनी, करा सही," कप्तान म्हणाले. कप्तान म्हणजे बाईंचे दीर. "ढाल आपली झाली. उगाच घोळ नको."

"ढाल झाली, भाऊजी. माझं काय?"

वर्षभरात ज्याचा एकही विजय नाही, त्याला पुढच्या वर्षी संघात जागा नाही. हा नियम भाऊजींचाच, आणि आजचा सामना वर्षातला शेवटचा. बाईंच्या नावावर सहा बरोबऱ्या होत्या, त्यातल्या चार "वहिनी, फक्त बरोबरी करा" असं कानाशी लागून भाऊजींनीच करवून घेतलेल्या. आणि भाऊजींचे जावई वर्षभर राखीव म्हणून बाक झिजवत होते. सोयीची माणसं अशीच वापरली जातात. बाईंना त्याची आता चीड आली होती.

"ही बरोबरी नाही," त्या पंचांना म्हणाल्या. "माझी दोन प्यादी बघा. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे चार ओळी. एकाला यांचा राजा अडवतोय, दुसऱ्याला उंट. माझा राजा उंटाकडे चालत गेला, की कोण अडवणार?"

"उलट्या उंटांत असं नसतं हो."

"शिवण पक्की आहे का ते नुसतं बघून कळत नाही, साहेब. ओढून बघावं लागतं."

पंच वैतागले. "मग खेळून दाखवा. अडकलात तर हार लिहीन."

"वहिनी, ढाल जाईल," भाऊजी म्हणाले.

"जाऊ दे."

समोरचा खेळाडू पोस्टमन होता, सज्जन, पण खेळायला चिवट. तो उंट एकाच तिरप्या रेषेत मागेपुढे करत राहिला. बाईंचा राजा एकेक घर सरकत निघाला. सहाव्या खेळीला त्यांचा हात प्याद्याकडे गेला आणि हवेतच थांबला. पुढचं घर काळं होतं. प्यादं तिथे गेलं असतं, तर पोस्टमनच्या उंटाने फुकटात खाल्लं असतं. बाईंचा जन्म शिवण्यात गेला, पण पटावर शिवण्याची तऱ्हा वेगळी. सोंगटीला बोट लागलं की ती चालवावीच लागते. हात मागे घेऊन त्यांनी आधी राजा पुढे नेला, मग प्यादं.

चार खेळ्यांनी पोस्टमनला प्याद्यासाठी उंट द्यावा लागला. आता बाईंचा उंट, राजा आणि दुसरं प्यादं, विरुद्ध त्याचा एकटा राजा. त्याने तो आडवा केला. "हरलो, बाई. चहाला उठलो असतो तर वाचलो असतो."

पंचांनी 'बरोबरी' खोडून 'विजय' लिहिलं. त्या कागदाखाली पुढच्या वर्षाच्या संघाची यादी होती. भाऊजींचं अक्षर, पंचांकडे दिल्याची वेळ सकाळी दहाची. चौथ्या पटापुढे जावयांचं नाव.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "सकाळीच दिलीत?"

"अंदाज होता, वहिनी."

"कसला? मी जिंकणार नाही असा, की सही करून टाकीन असा?"

बाईंनी पेन उचलून भाऊजींपुढे धरलं.

"खोडा. तुमच्याच हाताने."

सगळे बघत होते. भाऊजींनी वाकून नावावर एक रेघ मारली.

"आणखी मारा," बाई म्हणाल्या. "अजून वाचता येतंय."