न धुतलेला नवरदेव

चहा उकळेपर्यंत एक सांगून घेतो. पोटभर हसा, माझी ना नाही. फक्त कधी आमच्या घरी आलात, तर शोकेसमधल्या त्या जांभळ्या फ्रेमकडे बोट दाखवून "हे काय हो?" असं विचारू नका. बायको सांगायला बसते, आणि ती फार रंगवून सांगते. माती मीच खाल्ली होती, तर निदान तिची चव तरी माझ्या तोंडून ऐका.

गोंदियाजवळ कुडव्यात माझं दुकान आहे. तेव्हाही होतं. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. मोबाईलला अजून बटणं होती आणि लोक फोटो काढायला दुकानात यायचे, तो काळ. त्यात मी एक रंगीत प्रिंटर आणला, शाईचा, इंकजेट. आणला काय, दुसऱ्या दिवसापासून स्वतःला फोटोग्राफर समजायला लागलो! गिऱ्हाईक विचारायचं, "भैया, दो मिनिट में फोटो निकल जाएगा क्या?" मी म्हणायचो, "दो कायको, एक में लो."

आता एक शब्द लक्षात ठेवा. फोटो पेपर. प्रिंटरमध्ये घालायच्या चकचकीत कागदाला आम्ही फोटो पेपर म्हणायचो. गिऱ्हाईक तेच म्हणायचं, ठोक दुकानदारही तेच म्हणायचा. आणि तिरोड्याला माझे मामा राहत, तेही त्यांच्या कागदाला फोटो पेपरच म्हणायचे. या एका शब्दापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

मामांचा तिरोड्याला स्टुडिओ होता. जुन्या पद्धतीचा, मागे काळोखी खोली असलेला. डिजिटल आलं तसं गिऱ्हाईक आटलं आणि मामांनी स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. सामान हलवायला मी मदतीला गेलो, तर कपाटावर कागदाची कोरी करकरीत खोकी! वर इंग्रजीत ठसठशीत छापलेलं, फोटोग्राफिक पेपर. मला तर घबाडच सापडल्यासारखं झालं.

"मामा, हा फोटो पेपर मी नेऊ का?"

"ने ना बापा. मी काय आता त्याचं लोणचं घालू?" मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पव्या, पाकीट उजेडात नोको उघडजो बरं."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, या वयात माणसं असंच करतात. टीव्हीवर रुमाल, रिमोटला प्लास्टिक, आणि कागदाला अंधार.

दुकानात आलो आणि भर दुपारी, शटर सताड उघडं ठेवून, खोकं फोडलं. आत जाड काळं पाकीट. वा! ओल लागू नये म्हणून केवढी ही काळजी! कागद वरखाली करून पाहिला, बोटानं चमक तपासली, परत काळ्या पाकिटात सरकवला आणि मामांना मनोमन धन्यवाद दिले.

इकडे घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. माझी वच्छला मावशी केशोरी गावची सून. तिनं तिथलंच एक स्थळ आणलं. मुलीचं नाव सुजाता, शाळेत शिकवायची. वडिलांची धानाची शेती. तिचा फोटो मावशीनं आणून दिला होता, शाळेच्या कार्यक्रमातला. कुणीतरी काही बोललंय आणि ही हसतेय, हाताला खडू लागलेला. मी तो फोटो दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता आणि काही ना काही कारण काढून ड्रॉवर उघडत होतो. खोटं कशाला बोलू, मुलगी मला फार आवडली होती.

आता माझा फोटो तिकडे जायचा होता. आम्ही बौद्ध लोक, आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. ना मंगळ, ना नाडी. त्यामुळे सगळा भार फोटोवर. मंगळाची निदान शांत तरी करतात म्हणे, फोटोचं काय करणार?

"मले उद्या सकाळच्या गाडीनं जाचं हाये," मावशी म्हणाली. "फोटो चांगला दे. राशन कार्डावरचा देशीन त तुयाकडं पाहीन मी."

संध्याकाळी दुकानात बसलो. माझ्याकडचा नेहमीचा कागद संपलेला. म्हटलं, आजच्या दिवसासाठीच तर मामांनी खजिना दिला! काळ्या पाकिटातून एक कागद काढला, प्रिंटरमध्ये घातला आणि फोटो छापला. काय सांगू, असा देखणा मी आरशातसुद्धा दिसलो नव्हतो. फक्त शाई ओली होती. तो फळीवर ठेवला आणि तेवढ्यात भारनियमनात वीज गेली. आमच्याकडे वीज जायची वेळ ठरलेली असायची, यायची नाही. शटर ओढून घरी गेलो. उजाडायच्या आत मावशी दारात हजर. तिला घेऊन दुकान उघडलं, मेणबत्तीच्या उजेडात फोटो पाकिटात घातला, गोंद लावला, दिला.

म्हणजे बघा, छापल्यापासून त्या बिचाऱ्या फोटोनं दिवसाचा उजेड असा पाहिलाच नव्हता. पहिला उजेड त्यानं पाहिला तो केशोरीला, सासरी.

तिकडून निरोप छान आला. पोरगा नाकीडोळी नीटस आहे, फोटो सगळ्यांना आवडला, समोरच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवलाय, येणारेजाणारे पाहून जातात. शोकेस खिडकीसमोर होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मला काय कळणार होतं!

पुढच्याच आठवड्यात मावशीचा फोन.

"पव्या, तुयी तब्येत कशी हाये?"

"बरी आहे. काऊन?"

"काही नाही. जेवत जाय बरोबर."

एवढं बोलून फोन ठेवला. मग परत फोन.

"पव्या, तू दारूगिरू त पेत नाहीस ना?"

"मावशी!"

"मी नाही म्हणत बापा, ते लोक विचारून राहिले. फोटोतला पोरगा उतरून राहिला म्हणते."

"उतरून राहिला म्हणजे?"

"आधी गुलाबी झाला. आता जांभळा होऊन राहिला. मी रोज जाऊन पाहून राहिली."

"अगं, फोटो आहे तो! फोटोची तब्येत कशी बिघडेल?"

"मंग मी कायले खोटं सांगू? मले त वाटते, नजर लागली."

नजरेवर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही, मावशीचासुद्धा नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यात सुजाताच्या वडिलांनी सिकलसेलची, त्या रक्तातल्या आजाराची, तपासणी करून घ्यायला सांगितलं. आमच्या भागात लग्नाआधी हे विचारतात आणि विचारावंच. मी निमूटपणे जाऊन रक्त देऊन आलो. सगळं ठीक निघालं, मावशीनं तसं कळवलं. त्यावर ते म्हणाले म्हणे, "रक्त बरोबर हाये, त रंग काऊन असा करून राहिला?"

आता मला काळजी वाटायला लागली. त्याच कागदावर दुसरा फोटो छापला आणि काउंटरवर उन्हात ठेवून समोर बसलो. चहा मागवला. चहा येईपर्यंत माझे गाल गुलाबी झाले. चहा संपेपर्यंत कपाळ जांभळट झालं. स्वतःला असं बसल्या बसल्या आजारी पडताना कुणी पाहिलंय का? मी पाहिलंय.

लगेच मामांना फोन लावला. मामा कुठल्यातरी लग्नात होते, मागे बँड वाजत होता.

"मामा, तुमचा फोटो पेपर काळा पडून राहिला!"

"धुतला होता काय?"

"धुवायचा असते काय?"

"अबे! बिनधुतल्याचा फोटो टिकते काय कधी? चांगला धू, मंग वाळत टाक!" आणि बँडमध्ये फोन बुडाला.

हसू नका. मला सांगा, आपण सगळेच म्हणायचो की नाही, "फोटो धुवायला टाकलेत", "फोटो धुऊन आले"? लहानपणापासून ऐकत आलो. पण कशानं धुतात, हा विचार तुम्ही तरी कधी केला होता? मीही नव्हता केला. घरी आलो, आणखी एक ताजा फोटो छापून आणला होता तो घेतला, बादलीत स्वच्छ पाणी भरलं. साबण घातला नाही, तेवढी अक्कल होती.

फोटो बुडवला. आधी केस गेले. मग मिशी सुटली आणि गालावरून कानाकडे निघाली. शर्टाचा निळा रंग वर आला, डोळे बादलीच्या तळाशी गेले. मी घाईघाईनं बोटानं मिशी जागेवर आणायला गेलो, तर नाकही तिच्यासोबत आलं.

आई मागून आली. "काय धुऊन राहिला रे?"

"स्वतःला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

परत मामांना फोन. आता बँड थांबला होता.

"कोणत्या पाण्यात धुतला?" मामांनी विचारलं.

"नळाच्या."

"औषध?"

"कायचं औषध?"

"लाल बल्ब लावला होता ना?"

"कायले?"

मग मामा हळूच म्हणाले, "पव्या, तू फोटो कायच्यावर काढला?"

"प्रिंटरवर."

त्यानंतर मला मामांचा आवाज आला नाही, मामींचा आला. "काय सांगितलंस गा यायले? हे त खालीच बसले!"

हसून झाल्यावर मामांनी समजावलं. तो कागद उजेडानं काळा पडण्यासाठीच बनवलेला असतो. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर फोटो उतरवायचा, मग औषधांत धुवायचा, की काळं पडणं थांबतं. नुसता उजेडात ठेवला तर तो आपलं काम करत राहतो. थोडक्यात, केशोरीच्या शोकेसमध्ये कागद इमानदारीनं आपलं काम करत होता. बेइमानी माझ्या डोक्यानं केली होती.

तेवढ्यात मावशीचा निरोप आला. रविवारी या म्हणतात. पोराला डोळ्यानं पाहिल्याशिवाय नाही म्हणणं बरं दिसत नाही.

म्हणजे नाहीच म्हणायचं होतं! मला खरंच रडू यायचं बाकी होतं. आणि खरं काय ते सांगितलं, तर म्हणतील, ज्याला लग्नासाठी स्वतःचा फोटो छापता येत नाही त्याच्या दुकानावर पोरगी कशी द्यायची? वाटेत मी पक्की थाप तयार केली. गोंदियातल्या एका स्टुडिओवाल्यानं घोटाळा केला, असं सांगायचं. स्टुडिओ कुठला, तर तो आता बंद झाला.

केशोरीला पोचलो. जय भीम झाला, बसलो. समोर शोकेसमध्ये प्लास्टिकची फुलं, शाळेचा एक कप आणि मधोमध मी. काळ्या वांग्याच्या रंगाचा. घरातले सगळे एकदा तिकडे पाहत, एकदा माझ्याकडे.

"तुमी त ठीक दिसून राहिले," सुजाताचे वडील म्हणाले.

"हो, ठीकच आहे."

"मंग हे?"

"ते काय झालं, गोंदियात एक स्टुडिओवाला होता, त्यानं..."

"काऊन गा खोटं बोलतं?" शेजारून मावशी कडाडली. "यानंच छापला जी! सोताच्या मशीनवर! कागद बी याच्या मामाचा!" तिनं हे मोठ्या अभिमानानं आधीच साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

आता आली का पंचाईत! सुजाता पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी. माझी मान खाली.

"खरंच तुम्ही छापला?" तिनं विचारलं.

मग मी सगळं सांगून टाकलं. खोकं, काळं पाकीट, मेणबत्ती, चहा, बादली. मिशी कानाकडे निघाली तिथपर्यंत आलो तेव्हा तिच्या वडिलांचे खांदे हलायला लागले. नाक सोबत आलं तेव्हा सुजातानं ट्रे टेबलावर ठेवून दिला, हातात राहीना.

मग ती गंभीर झाली. वर्गात विचारतात तसं विचारलं, "मामा म्हणाले उजेडात उघडू नका, ते ऐकलं काय?"

"नाही."

"अन् मामा म्हणाले धुवा, ते?"

"ते ऐकलं."

"म्हणजे जे ऐकाचं ते ऐकत नाही, अन् जे नाही ऐकाचं ते लगेच ऐकता."

"बाई, लग्नाआधीच ओळखलं तुनं," तिचे वडील म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

मी समजलो, आपलं आटोपलं. पोहे खाल्ले, चांगले झाले होते, तेही धड लागले नाहीत. पण संध्याकाळी मावशीचा फोन आला. होकार! सुजाता म्हणाली होती, "पोरगा बिनकामाचा असन, पण खोटं बोलता येत नाही यायले. मावशीपुढं एक वाक्य बी पुरं नाही झालं."

लग्नात फोटो काढायला दुसरा माणूस बोलावला. मामा त्याच्यामागं उभे राहून सगळ्यांना बादलीची गोष्ट सांगत होते.

सुजातानं येताना सामानात तो फोटोही आणला, फ्रेम करून. इतक्या वर्षांत तो पार काळवंडलाय. शाईही उडाली. आता त्यात नाक नाही, मिशी नाही, काही म्हणता काही दिसत नाही, नुसता जांभळट काळोख. तरी तिनं तो शोकेसमध्ये मधोमध ठेवलाय. पाहुणे विचारतात, "हे कोण?"

"हे आमचे हे."

"पण यात त कोणीच दिसत नाही!"

"बरोबर हाये," ती म्हणते. "घरात काम निघालं का हे असेच दिसत नाहीत."