चाकाजवळची गाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, लेकीला नाही, सुनेला तर नाहीच. देवापुढं बसते तेव्हाही हा विषय मी काढत नाही. त्याला माहीत असेल तर असू दे, मी आपणहून सांगितलं नाही एवढं खरं.

मी चौथी शिकलेली बाई. लिहायला वेळ लागतो, आणि हे लिहायला जरा जास्तच लागतोय. दोनदा सुरू केलं नि दोन्ही वेळा सुनेच्या आळशीपणावर घसरले. तिच्याविषयी लिहायला हात भराभर चालतो. स्वतःविषयी लिहायला बसलं की गुडघा दुखतो, शेळी ओरडते, डोळ्याला पाणी येतं — म्हणजे रडू नाही, मोतीबिंदू.

तर गाडीपासून सांगते.

आमच्याकडे एक पिकअप आहे. बबनने, माझ्या मुलाने, ती घेतली तेव्हाच दुसऱ्याच्या हातची होती. लिंबं, कांदा, कधी कुणाच्या लग्नाची भांडी — सगळं तिच्यातूनच जातं. मिरजगावच्या अलीकडं आमची वस्ती. गाडी उभी राहते ती आमच्या दारातच, उघड्यावर. एका पावसाळ्यानंतर तिच्यात एक पिवळा दिवा लागायला लागला. काटे असतात ना चालवणाऱ्यापुढं, त्यांच्या शेजारी. बबन म्हणाला, ब्रेकचा सेन्सर गेलाय. सेन्सर म्हणजे काय, तर चाकापाशी बोटाएवढी वस्तू असते, ती चाक किती जोरात फिरतंय ते बघते. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी धरून बसू नये, गाडी घसरू नये, म्हणून ती असते. तिच्यापासून एक काळी वायर वर गाडीत जाते. एवढं मला त्याने समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी असं वागले की जणू मला काहीच माहीत नव्हतं.

सेन्सर बदलायला विलास आला. फाट्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्याची आई सखू आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो, म्हणून तो मला मावशी म्हणायचा. हात चांगला होता त्याचा. आमच्या दारातच त्याने जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं. जुना सेन्सर गंजून भोकात चिकटून बसलेला. दुसरा कुणी असता तर हातोडीने तोडून काढला असता. याने तेल सोडलं, चहा प्याला, परत तेल सोडलं, आणि हळूहळू हलवत बाहेर काढला. भोक घासलं. आत एक दात्यांचं कडं असतं, त्यातला चिखल दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला. मग नवा बसवला. मी ओट्यावर लिंबं निवडत सगळं बघत होते. वस्तू नवी होती. वायर नवी होती, काळी, चकचकीत.

"मावशी, बघता काय, शिकून घ्या. पुढच्या टायमाला तुमीच बसवा," तो म्हणाला.

"बसवीन की. मग तू लिंबं निवड," मी म्हटलं.

दिवा गेला. बबन खूश. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारी घरी कुणी नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. माझी काळी शेळी गाभण होती, तिला सावली हवी होती, आणि त्या वेळी बरी सावली गाडीच्या पोटाखालीच होती. गाडीला जनावर बांधायचं नाही, असं बबनने दहा वेळा सांगितलेलं. पण सांगणारा घरी नव्हता. मी वाकले. गुडघ्यामुळं फार आत हात जाईना. हाताला लागलं त्याला दावं बांधलं. हाताला लागली ती वायर.

पुढचं सांगायला नको. वस्तीवरची कुत्री भांडत भांडत अंगणात आली, शेळी बिथरली, एक हिसका, आणि वायर तुटली.

मग मी काय केलं? बबनला फोन करायला हवा होता — फोन खुंटीलाच लटकत होता. तो ओरडला असता. बस, एवढंच झालं असतं. साठी उलटलेल्या बाईला मुलाच्या ओरडण्याची एवढी भीती कशी, म्हणाल. भीती नव्हती. मला चूक पदरात घ्यायची सवय नव्हती. आमच्या घरात चुकायचं ते सुनेने.

मी ती वायर जोडली. म्हणजे कशी? दाव्याची दोन टोकं जोडते तशी. दोन फेरे, टोक आतून, आणि ओढून घट्ट. तशी गाठ आमच्या घरात मी एकटीच मारते, सून मारते ती सुटते. वायरचं वरचं काळं रबर तसंच, आत तांब्याला तांबं लागतंय की नाही कुणाला ठाऊक. नवी वायर चकचकीत दिसत होती, गाठ लगेच नजरेत भरली असती — म्हणून हौदाजवळचा चिखल आणून फासला. चांगला मागंपुढं वीतभर फासला.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोटच्या पोराला ती गाडी घेऊन नगरला जाऊ दिलं. ब्रेकची वायर आहे हे माहीत असताना. तो नीट परत आला, यात माझं काही नाही.

आला तो तणतणतच. दिवा परत लागला होता. "नवा टाकून आठ दिस न्हाई झालं! फसवलं त्यानं!" गाडी तशीच फाट्यावर नेली. तासाभराने दोघंही आले, मागं चावडीवरची चार-पाच माणसं. विलासने वायर सोडवून हातात आणली होती. गाठ मधोमध. चिखल वाळून पांढरा झालेला. माझंच काम, पण मलाही ती वायर दहा वर्षांची वाटली.

बबन म्हणाला, "बघा, भंगारातला सेन्सर, तुटकी वायर जोडून लावलाय. वर म्हणतो नवा."

विलास ओरडला नाही. वायर सगळ्यांपुढं धरून शांतपणे म्हणाला, "बबनभाऊ, मिस्त्री वायर जोडतो तवा वरचं सोलतो, तांबं पिळतो, टेप लावतो. ही वरून मारलेली गाठ हाय. हिच्यातून करंटच जात न्हाई. मी अशी लावली असती तर दिवा पयल्याच दिवशी गेला नसता."

कुणाला तरी हे पटायला हवं होतं ना? सरळ होतं. पण मागून एकजण म्हणाला, "गाठीचं शास्त्र सांगतोय गडी," आणि सगळे हसले.

मग विलासने ती गाठ बोटाने फिरवून बघितली. शेळीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि अगदी साधेपणी विचारलं, "मावशी, गाडीला शेळी बांधली हुती का कधी?"

मी म्हटलं, "न्हाई."

हेच ते. एवढ्यासाठी इतकं लिहिलं.

घाबरून तोंडातून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. मला विचार करायला वेळ मिळाला होता, मी लिंबाची पाटी खाली ठेवली होती, तेवढा वेळ. आणि त्या वेळात मी काय विचार केला ते सांगते. विलास बौद्ध वस्तीतला. चार माणसं उभी आहेत ती आमच्या भावकीतली. मी नाही म्हटलं तर माझं ऐकतील, त्याचं ऐकणार नाहीत — हे मला पक्कं माहीत होतं. त्याच भरवशावर म्हटलं. तो भावकीतला असता, तर वर पुन्हा एक प्रश्न विचारला असता त्याने, आणि मी फसले असते. त्याने विचारला नाही. गाठ खिशात टाकली आणि गेला.

सेन्सर त्याने स्वतःच्या पदरचा दुसरा आणून बसवला. तेही लोकांनी कबुली म्हणूनच धरलं.

पुढं काय झालं ते मी घरात बसून ऐकत होते. चहाच्या टपरीवर त्याचं नाव गाठ्या पडलं. गाठ्या मिस्त्री. "काय गाठ्या, आज कुणाला गाठलं?" कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला तर, "गाठ्याकडं न्हे, दोरीनं चालू करून देतो." बबन घरी येऊन हे सांगायचा आणि सून हसायची. मीही हसले आहे. एकदा नाही, पुष्कळदा. ज्यांना आधीपासून त्याच्याकडं जाणं जिवावर येत होतं, पण दुसरा मिस्त्री जवळपास नव्हता म्हणून जात होते, त्यांना निमित्त मिळालं. लोक गाड्या कर्जतला न्यायला लागले. वर्षभर तो पत्र्याखाली बसून राहिला. मग पत्रे उतरवले.

पत्रे उतरवायच्या आधी सखू माझ्याकडं आली होती. आमच्या घरी ती कधी येत नसे. शाळेत एका पाटीवर लिहायचो आम्ही, तरी आमच्या उंबऱ्याच्या आत ती कधी आली नव्हती, आणि मीही कधी ये म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही अंगणातच उभी राहिली. म्हणाली, "हौसे, माझं पोरगं लबाड न्हाई. तू तर समोर बसली हुतीस. वस्तू नवी हुती का न्हाई, एवढं तरी सांग लोकांला. बाकी काय सांगू नको."

तिला गाठीचं माहीत होतं का? विलासने घरी सांगितलं असेल का? मला तिच्या तोंडावरून कळलं नाही. ती मागत होती ते थोडं होतं. वस्तू नवी होती, एवढंच. त्यात माझी शेळी कुठं येत नव्हती. तेवढं तरी म्हणता आलं असतं की नाही?

मी म्हटलं, "मला अडाणी बाईला गाडीतलं काय कळतंय, सखू?"

ती म्हणाली, "तू चौथीत पयली आली हुतीस." आणि गेली.

त्यानंतर सात वर्षं झाली. मी आजारी पडले नाही, माझं काही वाईट झालं नाही. शेळी व्याली, दोन करडं झाली. पीक यायचं तसं आलं. झोप मला लागते. हे सांगते कारण लोकांना वाटतं असलं काही केलं की माणसाला ते आतून पोखरतं वगैरे. मी पोखरले नाही. थकले आहे, पण ते वयाने असेल.

गेल्या उन्हाळ्यात लेकीला भेटायला श्रीरामपूरला निघालो होतो, बबन आणि मी. गाव आलं आणि गाडीत तो पिवळा दिवा लागला. जावयाने एका गॅरेजचा पत्ता दिला. तिथं गाडीखालून जो माणूस सरपटत बाहेर आला तो विलास. डोकं पांढरं झालेलं. गॅरेज दुसऱ्याचं, हा तिथं कामाला. बबनने त्याला ओळखलं आणि फोन कानाला लावून रस्त्याकडं चालता झाला. मी बाकड्यावर.

"बऱ्या हायत का मावशी?"

"बरी हाय."

"आई हितंच असती, मागं खोली हाय आमची. दिसत न्हाई आता तिला फारसं. भेटता का?"

"बबनला घाई हाय," मी म्हटलं. बबन रस्त्यापलीकडं उसाचा रस पीत उभा होता.

तो गाडीकडं वळला. चाक काढलं, जुना सेन्सर काढला. नव्याचा खोका घेऊन माझ्याकडं आला, माझ्यासमोर फोडला, आणि वायर माझ्या हातात दिली. म्हणाला, "हितून तितवर हात फिरवा. कुठं जोड हाय का बघा. मी सगळ्यांलाच बघायला लावतो. बघितल्याबिगर बसवत न्हाई."

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. ती त्याची रीत झाली होती. शेजारी एक रिक्षावाला आपल्या गाडीची वाट बघत होता, तो हसून म्हणाला, "आज्जे, नीट बघ, न्हाईतर हा सोडत न्हाई. मला तर दोनदा बघायला लावलं."

आम्ही तिघंच होतो, आणि तो रिक्षावाला मला ओळखत नव्हता. कुणाची भीती नव्हती. सखू भिंतीपलीकडं होती. मी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढली. सावकाश. मध्ये एकदा थांबले. विलासही थांबून बघत होता.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

त्याने वायर घेतली आणि चाकापाशी जाऊन बसला.