खालच्या फळीवरच्या कादंबऱ्या
डांबरगोळ्यांचा वास आला की महाडच्या वाचनालयातली ती उंच कपाटं आठवतात. मी तिथली ग्रंथपाल. पूर येऊन गेल्यावर अध्यक्षांनी सगळ्यात जास्त मागणीच्या कादंबऱ्या मुद्दाम वरच्या फळीवर ठेवायला लावल्या. पेपर वाचत बसलेल्या पुरुषांसमोर बायका काही स्टुलावर चढत नसत. तुडीलहून येणारी एक जण म्हणाली, "वरचा नाय जमत गो बाय, खालचाच दे कायतरी." त्याच दुपारी मी सगळ्या कादंबऱ्या खाली आणल्या. अध्यक्ष भडकले, "पाणी शिरलं तर भिजतील." मी म्हटलं, "वर कोरड्या राहून कोण वाचतंय? पाणी आलं तर उचलू." सावित्री नदी अजूनही पावसाळ्यात चढते. मग त्याच बायका पदर खोचून येतात, पुस्तकं माडीवर नेतात आणि पाणी ओसरलं की कुणाला न विचारता पुन्हा खालच्याच फळीवर लावतात.