माळशेज, उतरताना

दसऱ्याला बॉनेटवर घातलेली झेंडूची माळ पुरती सुकायच्या आत गाडी घाट चढली पाहिजे, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे पुढच्याच रविवारी सकाळी सहाला आम्ही मीरा रोडहून निघालो. नव्वद सालाच्या थोडं पुढची गोष्ट. आमच्या बिल्डिंगीत तेव्हा स्कूटर चार आणि मोटार एक होती. ती एक माझी. सेकंड हँड होती, हँडब्रेक ओढला की ओढल्याचं समाधान तेवढं मिळायचं. पण मोटार ती मोटार.

गाडीत आम्ही तिघं. मागे माझी बायको सुनंदा, तिच्या मांडीवर डबे आणि थर्मास. पुढे माझ्या शेजारी तिचे वडील, आबा. आबांची पन्नास वर्षं भाईंदरच्या मिठागरांत गेली. उजवा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "दिवाळीनंतर किती दिसेल सांगता येत नाही. काही बघायचं असेल तर आताच दाखवा."

आम्ही घरी येऊन विचारलं, आबा, काय बघायचंय? मी मनातून काशीच्या तिकिटांची तयारी ठेवली होती.

"मना घाट बघाचा हाय," आबा म्हणाले. (मना म्हणजे मला. आमच्याकडच्या जुन्या गावांची बोली.) "बांधावर ट्रक भरला की मी डायवरला पुसायचू, कुठं चाललास? तो बोलं, घाटावर. पन्नास वर्सां माजा मीठ घाटावर गेला, मी न्हाय गेलू. डायवर सांगत, तिथं एका वलनावर थांबून इंजिनात पानी घालतान, आन् खाली समदा कोकन दिसतं. तां वलन बघाचा हाय."

जन्मात या माणसानं जावयाकडे काही मागितलं नव्हतं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "एक काय, घाटातली सगळी वळणं दाखवतो."

आता माझ्या ड्रायव्हिंगबद्दल दोन शब्द. मी गाडी शिकलो ती मिठागराच्या बांधावर. दोन्ही बाजूंना पाणी, मधे एका ट्रकपुरता रस्ता, आणि वळवायला जागा नाही. त्यामुळे मैलभर रिव्हर्स घेण्यात माझा हात धरणारा मीरा-भाईंदरात कुणी नव्हता. लायसन्सची परीक्षाही सपाट मैदानात झाली. तिच्या बळावर मी लग्नाकार्यांत लोकांना गिअर कसा टाकावा हे समजावून सांगत असे.

वरसाव्याला खाडीवर धुकं होतं. घोडबंदर रोडला लागलो, डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला जंगल. गायमुखाचा चढ आला. रस्ता मोकळा होता, गाडी सेकंडवर न थांबता सरळ चढून गेली.

"बघितलंस?" मी आरशातून सुनंदाला म्हटलं. "लोक उगाच घाटाचा बाऊ करतात."

"हा घाट आहे?" ती म्हणाली. "इथून तर बायका डोक्यावर लाकडं घेऊन चढतात."

कल्याण सोडलं, मुरबाडला मिसळ खाल्ली. हॉटेलवाल्यानं विचारलं, "घाटात पहिल्यांदाच का?" मी पाव मोडत म्हणालो, "छे हो, नेहमीचंच." मिसळीनं की खोटं बोलण्यानं कोण जाणे, ठसका लागला. टोकावड्यानंतर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. काळी, सरळ, वर ढगांची झूल. भातं पिवळी पडायला लागली होती आणि रस्त्याच्या कडेनं सोनकी (पिवळी रानफुलं) नुसती पेटली होती. आबा डावा डोळा पुढे यावा म्हणून मान वळवून बसले होते.

"काला काला दिसतं, तां काय?"

"तोच घाट, आबा."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसून परत लावला.

पहिलं वळण आलं. धबधबा पार रस्त्याच्या कडेला उतरलेला, कठड्याला लागून दोन गाड्या उभ्या, माणसं फोटो काढतायत. मी वेग कमी केला. गाडी थरथरली, मग बंद पडायच्या बेतात आली आणि वीतभर मागे सरकली. मागून ट्रकनं लांबलचक हॉर्न मारला. त्या क्षणी मला उमगलं की चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू कशी करायची, हे मला कुणी शिकवलेलंच नाही. पाय दोन आणि पेडल तीन. बांधावर हा हिशेब कधी चुकला नव्हता. मी सगळा जीव ॲक्सिलरेटरवर दिला आणि निघालो.

"अहो, थांबा ना! आबांना दाखवायचं होतं."

"इथं काय, गर्दी आहे. पुढचं वळण याहून भारी आहे."

पुढच्या वळणावर कडा उंच आणि दरी खोल. तिथं चिटपाखरू नव्हतं. "इथं दरड पडते," मी म्हणालो. बोगद्याजवळच्या वळणावर एका ट्रकचं बॉनेट उघडं होतं आणि क्लीनर डब्यानं पाणी ओतत होता. आबांना तेवढं बरोबर दिसलं.

"तांच वलन! जावई, तांच हाय!"

"वर याच्यापेक्षा झकास जागा आहे, आबा," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आरशात सुनंदाचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. मी आरसा जरा वाकडा केला.

बोगदा गेला, चढ संपला, पठार लागलं. रस्ता अंगणासारखा सपाट झाल्याबरोबर मी झोकात गाडी थांबवली. उतरून आबांचं दार उघडलं. समोर धरणाचं पाणी, कडेला बांध, त्यापलीकडे शेतं. आबा काठीवर हात ठेवून डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिले.

"हाच काय घाट?"

"हा... वरचा भाग."

"ह्या तं आमच्या मिठागरासारका दिसतं," ते म्हणाले. "सपाट. पानी. बांध." मग मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईनं पुढे म्हणाले, "पन चांगला हाय. गार हाय."

त्यांचं ते "चांगला हाय" मला अजून ऐकू येतं.

कडेला एक मावशी मक्याची कणसं भाजत होत्या, चहाही ठेवत होत्या. आबा टपरीच्या बाकड्यावर बसले. मावशींनी कणसाला लिंबू चोळत सहज म्हटलं, "समदी घाटात थांबून बघत्यात. तुमी वर येऊन काय बघताय, दादा?"

सुनंदा मला चार पावलं बाजूला घेऊन गेली.

"खरं सांगा. चढावर गाडी सुरू करता येत नाही ना तुम्हाला?"

"येते. म्हणजे तत्त्वतः..."

"दिवाळी दोन आठवड्यांवर आलीय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मी आबांच्या शेजारी जाऊन बसलो. कणीस हातात तसंच धरून सांगितलं, "आबा, झकास जागा वर नव्हतीच. ती खालीच होती. मला चढावर गाडी थांबवता येते, पण मग सुरू करता येत नाही. घाबरलो."

आबांनी चहाचा घोट घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून मी धसकलो, तर म्हातारा हसत होता.

"मंग सांगाचा ना, जावई! आता उतरताना तं गारी आपली आपन चालल. तिला सुरू कशाला कराला पायजे? तिला रोकाला पायजे."

"हँडब्रेक धरत नाही, आबा."

"बांधावरशी भरलेला ट्रक घसरू नये म्हनून चाकाखाली दगर कोन लावी? तुजा हँडब्रेक?" ते उठलेच. रस्त्याकडेला काठीनं चाचपत फिरले, तीन दगड नाकारले, चौथा उचलला. एका अंगानं उतरता, नारळाएवढा. तो मांडीवर घेऊन पुढे बसले आणि मला निघायला सांगितलं. "निंग."

बोगद्यापलीकडच्या वळणावर मी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन गाडी कठड्याशी उभी केली. आबा दार उघडून वाकले, हातानं चाक चाचपलं, दगड सरकवला, वर टाचेनं एक ठोका दिला. "सोर ब्रेक." मी सोडला. गाडी केसभर हलली आणि गप्प उभी राहिली.

मग आबा कठड्याशी गेले. खाली कोकण पसरलं होतं. भाताचे पिवळे तुकडे, मधे नदीची चकाकी, टोकाला नुसतं निळं. आबांना यातलं किती दिसत होतं कोण जाणे. सुनंदा शेजारी उभी राहून सांगत होती, आणि ते तिला थांबवून विचारत होते.

"रस्ता दिसतं. ह्यो वाकरा. त्याच्यावर लाल काय चालतं?"

"ट्रक आहे, आबा."

"भरलेला हाय. आवाज आईक."

तो ट्रक कण्हत वर आला आणि खरंच आमच्या मागे थांबला. ड्रायव्हरनं उतरून बॉनेट उघडलं. आबा वळले आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं विचारलं, "कुठं चाललास?"

"घाटावर, बाबा. आळेफाट्याला."

"मीठ हाय?"

"मीठ? नाय वो. सिमेंट."

"सिमेंट," आबा म्हणाले. "आमच्या मिठागरावर पन तांच येतंय." मग पुन्हा दरीकडे वळले आणि पाऊण तास हलले नाहीत. खालच्या दोन्ही वळणांवर आम्ही तसेच थांबलो, दगड लावून.

परत येताना गायमुखाच्या चढावर रहदारी तुंबली. ऐन मध्यावर मला थांबावं लागलं. मागे बस. माझ्या कपाळावर घाम आला, तोच शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. आबांनी दगड घाटातच टाकला नव्हता. पायाशी ठेवून आणला होता. मागच्या चाकाशी जाऊन त्यांनी तो लावला आणि बसवाल्याला हात केला. मी निवांत क्लच सोडला, गाडी पुढे गेली. आबा दगड उचलून मागून चालत आले. बसमधली माणसं बघत होती. बघू देत.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, डावा डोळाही गेला. आबा आता गावात ओट्यावर बसून लोकांना माळशेज सांगतात. त्यांच्या सांगण्यात लाल ट्रक असतो, वाकडा रस्ता असतो, आणि त्या ट्रकमध्ये मीठ असतं. मी दुरुस्ती करत नाही.

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी घेतली की घाटात कुठं थांबावं हे विचारायला माझ्याकडे येतो. मी तिन्ही वळणं ऐटीत सांगतो, आणि उतरताना थांबा, असं बजावतो. चढावर गाडी सुरू करायला मी पुढे शिकलो, चांगली सुरू करतो. पण आबा गाडीत बसले की आधी पायानं सीटखाली चाचपतात. दगड पायाला लागला, की म्हणतात, "निंग."